बाईंच्या चेहऱ्याचं काम

साहेब डागांबद्दल तोंडाने काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं आणि पुढचा सगळा व्याप टळला असता. साहेबांनी फक्त हातातलं पेन उचललं आणि स्वतःच्या गालाभोवती हवेतल्या हवेत एक गोल काढला.

"टीव्हीचं माध्यम जरा वेगळं असतं हो, बाई," ते म्हणाले. "कॅमेऱ्याला कसा, फ्रेश चेहरा लागतो. आपल्या धाकट्या इंजिनिअरला पाठवू या का? तुम्ही त्याला सगळं समजावून द्या."

त्या गोलाचा अर्थ बाईंना लगेच कळला. बाई पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खड्ड्यांच्या काठावर उभं राहून काढली होती, आणि खड्डे भर उन्हातच खणायचे असा खात्याचा अलिखित नियम आहे. त्या उन्हाने बाईंच्या दोन्ही गालांवर वांग उमटवले होते. गडद तपकिरी, कडा पुसट असलेले. बाईंचं आजवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं. गळती कुठे आहे ते शोधणारं माणूस स्वतःच्या गालाकडे कधी बघणार?

मुद्दा असा होता की शहराच्या निम्म्या भागाला पाणी नेणारी जुनी मोठी जलवाहिनी पुढच्या महिन्यात बदलायची होती. तेवढ्यापुरतं पाणी बंद राहणार होतं. लोक चिडणार हे उघड होतं, म्हणून ते चिडायच्या आत त्यांना सगळं नीट समजावून सांगायला गावातल्या टीव्ही चॅनेलने मुलाखत ठेवली होती. थेट प्रक्षेपण, वर प्रेक्षकांचे फोन. ही जलवाहिनी कुठे वळते, तिला कुठे जोड आहे, कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुठल्या गल्लीतून शिव्या येतात, हे बाईंना तोंडपाठ होतं. धाकट्या इंजिनिअरला ती नकाशावर दाखव म्हटलं असतं, तर बिचाऱ्याने आधी नकाशा सरळ कसा धरायचा ते विचारलं असतं.

"मुलाखतीला मी जाणार," बाई म्हणाल्या.

"जा ना, जा ना," साहेब घाईघाईने म्हणाले. "तुम्हीच जा. फक्त ते जरा टचअप वगैरे..." आणि पेन पुन्हा वर जायला लागलं.

"कळलं मला," म्हणून बाई केबिनबाहेर पडल्या. मनातल्या मनात त्यांनी ते पेन केव्हाच खिडकीतून बाहेर फेकलं होतं.

आता बाईंचा स्वभाव असा की एकदा काम अंगावर घेतलं की अर्धवट सोडायचं नाही. आजवर आयुष्यात त्यांनी चेहऱ्याला थंडीत व्हॅसलीनपलीकडे काही लावलं नव्हतं. पण फाउंडेशन नावाची एक वस्तू असते, ती त्वचेच्या रंगाची असते आणि डाग झाकते, एवढं त्यांना माहीत होतं. मग त्यांनी हे काम खात्याच्या पद्धतीने हाती घ्यायचं ठरवलं. आधी पाहणी, मग नमुने, मग चाचणी, आणि मग प्रत्यक्ष काम. खात्यात ही पद्धत क्वचितच पाळली जाते हा भाग वेगळा.

पाहणीची सुरुवात घरापासून झाली. बाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणत असे.

"अहो, माझा रंग नेमका कुठला?"

मास्तर उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "छान आहे."

"छान हा रंग नसतो."

"अगं, तुझा चेहरा मला पाठ आहे. बघावा लागत नाही."

हे वाक्य प्रेमाचं धरावं की दुर्लक्षाचं, हे बाईंना इतक्या वर्षांच्या संसारात ठरवता आलं नव्हतं. तेवढ्यात लेक आतून आली. ती कायद्याचं शिकत होती आणि घरातल्या प्रत्येक बाबतीत तिला बाजू मांडायची असे.

"आई, नुसता गोरा, सावळा, गव्हाळ असं नसतं ते. वरच्या रंगाच्या आत आणखी एक झाक असते. पिवळट किंवा गुलाबी. मनगटावरच्या शिरा बघ. हिरवट दिसल्या तर पिवळी झाक, निळ्या दिसल्या तर गुलाबी."

मग तिघंही गॅलरीत गेले. बाईंनी मनगट उन्हात धरलं. लेक म्हणाली हिरव्या. मास्तर म्हणाले निळ्या, कारण नकाशात नद्या निळ्याच असतात. यावर दोघांचा वाद जुंपला. तो ऐकून शेजारच्या गॅलरीतून वहिनी डोकावल्या. त्यांना वाटलं बाईंचा रक्तदाब वाढलाय.

"काही होत नाही हो," वहिनींनी धीर दिला. "आमच्या ह्यांच्या शिरा तर दिसतच नाहीत. सुई टोचणारी नर्स रडकुंडीला येते."

प्रकार कळल्यावर वहिनींनी मनगट नीट निरखलं आणि शिरा जांभळ्या आहेत असा तिसराच निकाल दिला. बाईंनी हात खाली घेतला. पाहणीत एकमत न झाल्यास काम थांबवू नये, असं खात्याचंही धोरण आहेच.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर बाई सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात शिरल्या. आत इतका पांढरा लखलखाट होता की ऑपरेशन थिएटरमध्ये आल्यासारखं वाटलं. काउंटरवरच्या मुलीने त्यांना उंच स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवला आणि एक सुस्कारा सोडला. बाईंनी असे सुस्कारे फुटलेले पाइप बघताना स्वतःच अनेकदा सोडले होते. समोरच्याला कसं वाटत असेल हे त्यांना आज कळलं.

"मॅडम, तुमची शेड खरं म्हणजे 'बदाम' आहे," मुलगी म्हणाली. "पण मी तुम्हाला 'मोती' देते. सगळे दोन शेड उजळच घेतात."

"का?"

"उजळ दिसायला."

"पण मला फक्त डाग झाकायचेत."

"डाग झाकून वर उजळपणा मिळतोय ना, मॅडम. एकात दोन."

बाई ठेकेदारांच्या तोंडून 'एकात दोन' ऐकलं की फाइल बंद करत. पण इथे त्या परक्या मुलखात होत्या. मुलीने तोवर 'मोती' त्यांच्या हाताच्या मागे चोळून दाखवलं होतं आणि त्या लखलखाटात ते खरंच चांगलं दिसत होतं. शिवाय साहेबांचा तो 'फ्रेश' शब्द कानात वाजत होताच. बाईंनी बाटली घेतली.

घरी जाताना जिन्यात तळमजल्यावरचे रंगवाले काका भेटले. काका इमारती रंगवायची कंत्राटं घेत. रंग या विषयावर त्यांच्यासमोर कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. बाईंच्या हातातली बाटली त्यांनी घेतली, हलवली, उजेडात धरली.

"किती जागा झाकते ही? एका बाटलीत किती चौरस फूट?"

"एकच चेहरा आहे, काका."

"बरं. मग ऐका. भिंत असो नाहीतर तोंड, शास्त्र एकच. ओलावा असला की पापुद्रे निघणार. दोन दिवस तोंडाला पाणी, तेल, क्रीम काही लावायचं नाही. ठणठणीत कोरडं करायचं. हवं तर शून्य नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने..."

"पेपर नको," बाई ठामपणे म्हणाल्या.

"तुमची मर्जी. पण मग रंग धरला नाही तर मला सांगू नका."

पेपर टाळला तरी कोरडं करण्याचा सल्ला बाईंना पटला. इंजिनिअरला ओलाव्याचा धाक असतोच. त्यांनी व्हॅसलीनही बंद केलं. त्वचा अशी ताणली गेली की हसताना आवाज येईल असं वाटावं.

ठरलेल्या सकाळी त्यांनी आरशासमोर बसून 'मोती' लावायला घेतलं. किती घ्यायचं ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. बाईंनी तळहातावर घसघशीत ओतलं आणि दोन्ही हातांनी चेहऱ्यावर फासलं. मास्तर दारात उभे राहून मार्गदर्शन करत होते.

"पश्चिमेला अजून उघडा प्रदेश आहे. नाकाच्या पठारावर जास्त झालंय. आणि हनुवटीच्या दक्षिणेला एकदम सीमारेषा दिसतेय."

ती सीमारेषा म्हणजे चेहरा संपून मान सुरू होते ती जागा. वर मोती, खाली बदाम. बाईंनी पदर मानेभोवती घेतला आणि ऑफिस गाठलं. म्हटलं, चाचणी घ्यायची तर प्रत्यक्ष कामाच्या जागीच घ्यावी.

ऑफिसच्या दाराशी हजेरीचं नवं यंत्र होतं. त्याच्यासमोर उभं राहिलं की ते चेहरा ओळखून हजेरी लावत असे. बाई उभ्या राहिल्या. यंत्राने थोडा विचार केला आणि एका गोड बाईच्या आवाजात सांगितलं, "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. मागे रांग वाढत गेली. यंत्र गोड आवाजात तेच तेच सांगत राहिलं. शेवटी बाई बाजूला झाल्या आणि हजेरी सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"भाऊसाहेब, मी आलेय."

"दिसतंय की."

"मग लावा हजेरी."

"मला दिसून काय उपयोग? यंत्राला दिसायला पाहिजे."

"अहो, तुम्ही मला ओळखता ना?"

"वैयक्तिक ओळखतो," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "कार्यालयीन ओळखत नाही. नवा चेहरा नोंदवायचा असेल तर अर्ज करा. कारण लिहा. अपघात, शस्त्रक्रिया किंवा इतर."

"इतर."

"इतरला साहेबांची सही लागते."

साहेबांपुढे जाऊन 'माझा चेहरा बदलल्याबद्दल मंजुरी मिळावी' असं म्हणण्यापेक्षा बाईंनी राजीनामा दिला असता. त्या तडक वॉश बेसिनकडे गेल्या आणि नळ उघडला. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. गच्चीवरची टाकी रिकामी होती. सगळ्या गावाला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या मुख्य कार्यालयात एका अधिकाऱ्याला तोंड धुवायला पाणी नव्हतं, आणि याची तक्रार ज्या अधिकाऱ्याकडे करायची त्या अधिकारी बाई स्वतःच होत्या.

शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या जारखाली वाकून, रुमाल भिजवून त्यांनी चेहरा घासला. एक गाल पुरता निघाला. दुसऱ्यावरचे पापुद्रे सुटायला तयार होईनात. काकांच्या शास्त्राप्रमाणे खरं तर ते यायलाच नको होते. निम्मा चेहरा घेऊन बाई पुन्हा यंत्रासमोर उभ्या राहिल्या.

"धन्यवाद," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "आपण उशिरा आलात."

ही गोष्ट सबंध ऑफिसभर पसरली. धाकटा इंजिनिअर बाईंच्या टेबलाशी येऊन चुळबुळत उभा राहिला. "मॅडम, साहेबांनी मला सांगितलंय, तयारी करून ठेव म्हणून. पण मला नाही जायचं हो. लोक फोन करून काय काय विचारतील, त्यांना काय सांगू?"

"घाबरू नकोस. मीच जाणारेय," बाई म्हणाल्या. त्यांच्या एका भुवईवर अजून 'मोती' होता, पण आवाजात जरब होती.

संध्याकाळी लेकीने सगळी हकिगत ऐकली, हसून घेतलं, आणि मग आईचे हात धरून गंभीर झाली. "आई, तुझी केस आपण नीट लढवू. पहिली चूक, तू दुसऱ्याच्या रंगाची वस्तू घेतलीस. दुसरी, कोरड्या चेहऱ्यावर लावलीस. रंगवाल्या काकांना भिंतीतलं कळतं. भिंत हसत नाही."

"मग क्रीम लावायचं आधी?"

"लावायचं आणि ते मुरू द्यायचं."

बाई दुसऱ्यांदा दुकानात गेल्या. उघडलेली बाटली परत घेता येत नाही असं मुलीने सांगितलं. बाईंनीही तिला सांगून टाकलं, "ऐक, पोरी. मला उजळ व्हायचं नाहीये. माझा रंग माझ्याकडे आहे, मला तो पुरतो. तोच बाटलीत भरलेला असेल तर दे."

मुलीने नाइलाजाने 'बदाम' काढलं. बाईंनी या वेळी क्रीम लावलं, ते मुरू दिलं, मग थोडंसंच 'बदाम' बोटाने टिपून पसरलं. चेहरा आणि मान एकाच देशातले वाटू लागले, असं मास्तरांनीही मान्य केलं. हजेरीच्या यंत्राने एका दमात ओळखलं. भाऊसाहेबांनी वर बघून 'आज तुम्हीच दिसताय' असं म्हटलं. बाई खुशीत ठेकेदारांच्या बैठकीला जाऊन बसल्या.

बैठक लांबली. बाई जोरजोरात मुद्दे मांडत होत्या, पण ठेकेदार त्यांच्या मुद्द्यांऐवजी चेहऱ्याकडेच बघत होते. एकाने तर पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मॅडम, रागावू नका. तब्येतीला चांगलं नाही. आम्ही करतो कमी दर."

बाई रागावलेल्या नव्हत्याच. बाहेर आल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. सकाळी बदामी असलेला चेहरा आता भाजलेल्या विटेसारखा दिसत होता. काही फाउंडेशन लावल्यावर हवा आणि घाम लागून हळूहळू गडद होतात, हे ज्ञान त्यांना लेकीकडून संध्याकाळी मिळालं. ठेकेदारांनी दर खरोखर कमी केले होते, त्यामुळे तो दिवस खात्याच्या फायद्याचाच ठरला. पण बाईंचं समाधान झालं नाही. लाल होऊन टीव्हीवर गेलं तर लोक म्हणणार, ही बाई आधीच चिडलीय, पाणी काय देणार!

घरात आता हा चेष्टेचा विषय झाला होता. मास्तरांची बहीण भेटायला आली, तिनेही ऐकलं. "वहिनी, कशाला एवढी उठाठेव? या वयात कोण बघतंय आपल्याकडे?"

"वन्सं, अख्खं गाव बघणारेय," बाई म्हणाल्या. "थेट प्रक्षेपण आहे."

पण त्या रात्री बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. मास्तर भूगोल विसरून म्हणाले, "अगं, नाही लावलं तर काय बिघडणार आहे? तशीच जा. तुझं काम तुझ्या गालावर अवलंबून आहे का?"

"नाही ना," बाई म्हणाल्या. "पण साहेबांनी तो गोल काढला ना, तेव्हापासून बोलताना माझा हात आपोआप गालाकडे जातो. मी तिथे बसून लोकांशी पाण्याबद्दल बोलायचं, की त्यांना डाग दिसतोय का ते बघत राहायचं? मला तो विचार डोक्यातून काढून टाकायचाय. डाग जाईल न जाईल, तो विचार जायला हवा."

मास्तरांनी शेवटचा भात वाढून घ्यायचं सोडून तिच्याकडे पाहिलं. पाठ असलेला चेहरा त्यांनी बऱ्याच दिवसांनी नीट बघितला. "मग रविवारी मीही येतो दुकानात," ते म्हणाले.

रविवारी तिघंही गेले. त्यांना बघताच काउंटरवरची मुलगी मागच्या खोलीत जायला निघाली होती, पण बाईंनी तिला थांबवलं. "आज मी शेड विचारत नाही. मला तीन-चार कंपन्यांचे नमुने हवेत. हातावर नकोत. इथे, जबड्याच्या कडेला लावायचे, शेजारी शेजारी. मग मी बाहेर उजेडात जाणार, आणि भरपूर फिरून आल्यावर सांगणार."

"मॅडम, असं कोणी करत नाही."

"पाइप घेताना मी असंच करते. आधी दाब देऊन बघते, मग घेते."

मुलीने जबड्यावर पट्टे ओढले. बाई पट्टे मिरवत बाजारात फिरल्या. भाजी घेतली, चपलेचा अंगठा शिवून घेतला, औषधवाल्याकडून गोळ्या घेतल्या. येणारेजाणारे बघत होते. औषधवाल्याने 'काय लागलं का?' म्हणून विचारलं. बिल अडवून ठेवलेला एक ठेकेदार समोरून आला, त्याने पट्टे पाहिले आणि काहीतरी खात्यांतर्गत भानगड असेल असं समजून रस्ता ओलांडला. मास्तरांना या सगळ्याची इतकी लाज वाटत होती की ते चार पावलं पुढे चालत होते, आणि पुन्हा पुन्हा वळून बायको येतेय ना ते बघत होते. बाई मात्र ताठ मानेने चालत होत्या. पट्टे नीट दिसायला मान ताठ ठेवणं भागच होतं.

उन्हं कलायच्या आत ते दुकानाबाहेरच्या फूटपाथवर परतले. लेकीने आईची हनुवटी वर केली आणि उजेडात तपासणी सुरू केली.

"पहिला पांढरट पडलाय. बाद. दुसरा लाल झालाय. बाद. शेवटचा राखाडी. आई, तिने चार लावले होते ना?"

"चार."

"तिसरा नाहीये इथे."

"पुसला गेला असेल," मास्तर म्हणाले.

"नाही, बाबा. हात लावून बघा, लागतोय बोटाला. पण दिसत नाहीये."

दोघंही डोळे बारीक करून बाईंच्या जबड्यावर वाकले. पट्टा सापडेना. बाईंना काही क्षण कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं लख्ख झालं.

"तोच!" त्या फूटपाथवरच ओरडल्या. "जो सापडत नाही तोच माझा!"

मुलीने त्या बाटलीचं नाव वाचून दाखवलं. 'ओली वाळू'. आयुष्यभर खड्ड्यांतून ओली वाळू उपसलेल्या बाईंना त्या नावात काहीच कमीपणा वाटला नाही.

मुलाखतीच्या सकाळी घरात परीक्षेच्या दिवसासारखी शांतता होती. बाईंनी चेहरा धुतला, क्रीम लावलं, ते मुरेपर्यंत चहा घेतला. मग दाण्याएवढं फाउंडेशन हाताच्या मागे घेतलं. ओला करून पिळलेला स्पंज त्यात टेकवून नाकाच्या बाजूने सुरुवात केली आणि बाहेरच्या बाजूला नेत नेत टिपत गेल्या. चोळायचं नाही, टिपायचं, हे लेकीने बजावलं होतं. वांगावर आणखी एक पातळ हात दिला. कडा मानेत जिरवल्या. आरशात कोणी नवी बाई दिसली नाही. त्याच बाई होत्या, फक्त रात्रभर छान झोप झाल्यासारख्या.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी जवळून पाहिलं, दुरून पाहिलं. "सीमारेषा नाहीत," ते म्हणाले.

चॅनेलचा स्टुडिओ दातांच्या दवाखान्याच्या वर होता. एक टेबल, दोन खुर्च्या, मागे शहराचं छापील चित्र, आणि डोक्यावर भट्टीसारखे तापलेले दिवे. धाकटा इंजिनिअर साहेबांच्या हुकमाने राखीव म्हणून आला होता आणि कोपऱ्यात गंभीर चेहऱ्याने बसला होता. बाईंना दिव्यांखाली घाम फुटायला लागला. झालं, त्यांना वाटलं, आता ओघळ येणार. हात गालाकडे जायला निघाला.

एवढ्यात पहिला फोन वाजला. एका म्हाताऱ्या आजींचा होता.

"ए बाई, गोल गोल बोलू नकोस," आजी म्हणाल्या. "माझ्याकडे नात बाळंत होऊन आलीय. पाणी किती वेळ नाही ते खरं सांग."

बाईंनी हात खाली घेतला आणि पुढे वाकल्या. "आजी, तुम्ही कुठल्या बाजूला राहता? टाकीच्या वरच्या की खालच्या? वरच्या असाल तर तुमचं पाणी सगळ्यात शेवटी येणार. खोटं सांगणार नाही. पण तुमच्या कोपऱ्यावर सकाळ-संध्याकाळ टँकर उभा करते. बाळंतिणीचं घर म्हणून सांगा, आधी तुम्हाला भरून देतील. आणि पहिलं येणारं पाणी गढूळ असेल, ते बाळाला वापरू नका."

"बरं," आजी म्हणाल्या. "कळलं. अशी सरळ बोलत जा."

मग फोन थांबेनात. कोणी चिडून बोललं, कोणी तावातावाने. एकाने जुना पाइप तीस वर्षं चालला तर आताच काय झालं म्हणून हुज्जत घातली. बाईंनी त्याला तो पाइप आतून किती कुजलाय ते असं सांगितलं, की तो गृहस्थ शेवटी 'लवकर बदला बुवा' म्हणून फोन ठेवून गेला. मुलाखत संपली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की मधल्या साऱ्या वेळात गाल ही वस्तू आपल्याला आहे, हेच आपण विसरलो होतो.

घरी येईपर्यंत फोनचा पूर आला होता. सगळे म्हणत होते, काय बोलल्या, किती सोपं करून सांगितलं. बाई वाट बघत होत्या. एकानेही चेहऱ्याचं नाव काढलं नाही.

"वहिनी," नणंद फोनवर म्हणाली, "बोललात झकास. पण जरा पावडर तरी लावायची की हो."

शेजारच्या वहिनींनी जिन्यात अडवून कौतुक केलं, "तुमचं मला हेच आवडतं. एवढी टीव्हीवर जायची संधी, पण मेलं काही थोतांड नाही. आहात तशा गेलात." रंगवाले काका म्हणाले, "शेवटी रंग सोडूनच दिलात ना? बरं केलंत. पृष्ठभागच चांगला होता मुळात."

बाई घरात येऊन खुर्चीत बसल्या. एवढा आटापिटा करून मिळवलेलं यश, आणि कोणाला दाखवायची सोय नाही. दाखवता आलं असतं तर ते यशच नव्हतं. लेक मात्र पोट धरून हसत होती. "आई, केस जिंकलीस तू. पुरावाच शिल्लक ठेवला नाहीस!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. असं ते फक्त वरिष्ठांसाठी करत. "बाई, वरून फोन आला होता. पुढच्या सगळ्या मुलाखती तुम्हीच द्यायच्या असं ठरलंय. आणि एक सांगतो, ते टचअप वगैरेच्या नादी लागला नाहीत ते उत्तम. तशाच गेलात. किती नैसर्गिक वाटलं!"

"तशी गेले नव्हते, साहेब," बाई म्हणाल्या. "इतके दिवस राबलेय मी त्या नैसर्गिकपणासाठी."

साहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पुढे वाकून बाईंचा गाल निरखला, मग दुसरा निरखला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य पसरलं की बाईंचा सगळा राग तिथेच विरघळला. साहेब दाराशी गेले. केबिनचं दार लोटून घेतलं. मग पुन्हा खुर्चीत बसून टेबलावरच्या कागदांची उगाच चळत लावत राहिले.

"त्याचं असं आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले, "नव्या जलवाहिनीच्या उद्घाटनाला मंत्री येणार आहेत. माझं भाषण आहे. कॅमेरे असणार. आणि माझ्या डोळ्यांखाली ही जी काळी... म्हणजे घरचेही म्हणतात, फार दमल्यासारखा दिसतो मी. तर ते, पुरुषांनाही चालतं का हो?"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. कातडी तेलकट होती, सकाळपासूनची धूळ बसली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं खरंच होती. त्यांचा हात पर्सच्या चेनकडे गेला. नमुना, चाचणी, उजेड, सगळं डोक्यात रांगेने उभं राहिलं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आधी तोंड धुऊन या."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताखालच्या माणसाने त्यांना हे कधी ऐकवलं नव्हतं.

"अहो, तसं नाही," बाई हसू दाबत म्हणाल्या. "खरंच धुऊन या. साबणाने."